कायम आणि तात्पुरते

आमच्या कार्यालयात कागदी फायलीच्या आयुष्याचा निर्णय ती फाइल बंद करतानाच घ्यावयाचा असतो. काही फायली कायम जतन करावयाच्या. काही तीन वर्षे, काही पाच, काही फार तर दहा वर्षे ठेवून मग नष्ट करावयाच्या. वर्ग ठरवावा, वेष्टनावर तसा शेरा मारावा, सही घ्यावी आणि बाड अभिलेख कक्षाकडे रवाना करावे. गेली बारा वर्षे हे काम करता करता एक समजूत आमच्या मनात नकळत घट्ट बसली होती: जे महत्त्वाचे ते टिकवावयाचे असते, आणि जे टिकवले जात नाही ते महत्त्वाचे नसते. माणसांविषयीही आमची भाषा हीच. नोकरीत आम्ही 'कायम' झालो त्या दिवशी आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. आमच्याच टेबलापलीकडे बसून आमच्याइतकेच, खरे सांगावयाचे तर आमच्याहून थोडे अधिक काम करणारा एक तरुण 'तात्पुरता' होता; करार संपला आणि तो गेला. त्याच्यासाठी कोणी पेढे आणले नाहीत. त्याचे अक्षर सुरेख होते, एवढे मात्र त्याच्या फायली हाती आल्या की अजूनही जाणवते.

ही समजूत ज्या गोष्टीने ढिली झाली ती आमच्या जगापासून इतकी दूरची आहे, की तिच्याविषयी मराठी मासिकात लिहावयाचे म्हणजे थोडा संकोच वाटतो. येथे जबलपुरात पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. त्यात दोन पावसाळ्यांपूर्वी आम्हांस एक इंग्रजी कादंबरी मिळाली: जोनाथन को यांची 'द रॉटर्स क्लब'. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. १९७० नंतरच्या दशकातले बर्मिंगहॅम शहर, तेथील शाळकरी मुले, संप, बॉम्बस्फोट आणि पहिली प्रेमे असा तिचा पसारा आहे. तीत एक वाक्य जवळजवळ चौदा हजार शब्दांचे आहे. सरकारी मसुदे वाचण्याची सवय असल्यामुळे आम्ही ते एका बैठकीत पार केले. कादंबरीचे नाव लेखकाने एका ध्वनिमुद्रिकेवरून घेतले आहे असे कळले, आणि केवळ जिज्ञासेपोटी ती ध्वनिमुद्रिका आम्ही ऐकली. ती १९७५ सालची. वाजवणारे चौघे. त्यांच्या संचाचे नाव 'हॅटफील्ड अँड द नॉर्थ'.

नाव असे विचित्र, कारण ते माणसांनी ठेवलेले नाव नव्हेच. ती रस्त्यावरची पाटी आहे. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या ए-वन या हमरस्त्यावर, हॅटफील्ड नावाचे गाव आणि त्यापुढची उत्तर दिशा इकडे, असे सांगणारी पाटी असे. आपल्याकडे एखाद्या गायनसंचाने 'नागपूर व पुढे' असे नाव घ्यावे, तसाच हा प्रकार. 'बँड' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात उभी राहते, म्हणून आम्ही त्यांस चौकडी म्हणू. या शब्दाला मराठीत थोडा वाईट वास आहे हे खरे. पण स्वतःच्या ध्वनिमुद्रिकेला 'नालायकांचा कट्टा' अशा अर्थाचे नाव देणाऱ्यांची त्यास हरकत नसावी.

चौकडी अशी: गिटारवर फिल मिलर, बास गिटार व गायन रिचर्ड सिंक्लेअर, ड्रम्सवर पिप पाइल, आणि ऑर्गन व इतर पट्ट्यांच्या वाद्यांवर डेव्ह स्ट्युअर्ट. संचाची जुळवाजुळव १९७२ मध्ये सुरू झाली. बावीस वर्षांचा स्ट्युअर्ट १९७३ च्या आरंभी आला तेव्हा हे चौघे एकत्र झाले. १९७४ च्या आरंभी पहिली ध्वनिमुद्रिका, १९७५ च्या मार्चमध्ये दुसरी, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये संच बंद. अडीच वर्षे! आमच्या वर्गवारीप्रमाणे तीन वर्षे ठेवून नष्ट करावयाच्या फायलीहूनही कमी.

संगीत कोणत्या जातीचे हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जॅझमध्ये वादक ठरलेल्या धुनेभोवती आयत्या वेळी विस्तार करतो. रॉकमध्ये विजेच्या वाद्यांचा दणका आणि ठोक्याचा जोर. इंग्लंडात १९७० च्या सुमारास या दोहोंचा संगम करणारे अनेक संच निघाले. त्यांतील काहींचे मूळ कँटरबरी या धर्मपीठाच्या गावी होते. सिंक्लेअर तेथलाच, 'कॅरव्हॅन' नावाच्या संचातून तो आला होता. स्ट्युअर्ट आला तो 'एग' नावाच्या त्रिकुटातून. येथील आमच्या मंडळाच्या महिन्याच्या बैठकीत तबला वाजवणारा एक तरुण आमच्या ओळखीचा आहे. त्याला आम्ही ही मुद्रिका ऐकवली, तेव्हा तो मांडीवर बोटे मोजीत बसला. पहिल्यांदा म्हणाला, "रूपक आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "नाही, होता." मग हसला आणि मोजणे सोडून ऐकू लागला. हे लोक मात्रांशी असे खेळतात, पण त्या खेळाची घोषणा करीत नाहीत. सिंक्लेअर गातो तो साध्या इंग्रजी उच्चारांत. त्या काळी अमेरिकन ढंगाने गाण्याची जी लाट होती तिचा स्पर्शही त्याच्या आवाजाला नाही. पाठीमागे तिघी गातात: अमांडा पार्सन्स, बार्बरा गॅस्किन आणि अ‍ॅन रोझेन्थल. बहुतेक ठिकाणी त्यांस शब्दच नाहीत, केवळ आकार.

दुसऱ्या मुद्रिकेत 'मंप्स' नावाची सुमारे वीस मिनिटांची रचना आहे. मंप्स म्हणजे गालगुंड. तिच्या पहिल्या आणि शेवटच्या भागांचे शीर्षक एकच आहे. राणीसाहेबांची तुलना त्यात मलईच्या डोनटशी केलेली आहे. फरक एवढाच, की पहिल्या शीर्षकापुढे कंसात 'हळू' म्हटले आहे आणि शेवटच्यापुढे 'मोठ्याने'. आरंभी जी धून जणू शेजारच्या खोलीतून यावी तशी येते तीच वीस मिनिटांच्या वळणांनंतर पूर्ण बळाने परतते. ऐकताना वाटते, हीच ती, पण मधल्या प्रवासाने आता आपण वेगळे झालो आहो. गमतीची नावे आणि त्यांच्या आड इतके काटेकोर, इतके कोमल काम. ज्याला आपल्या कामाची लाज नाही, पण त्याचा मोठेपणा मिरवण्याची लाज आहे, अशा माणसाची ही रीत आम्हांस फार भावली.

आता प्रश्न असा, की अडीच वर्षांत संपलेल्या या उद्योगाला काय म्हणावे? अपयश म्हणावे काय?

ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात, पहिल्याच भागात, या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि ती परस्परांच्या अगदी शेजारी आहेत. प्लेटोच्या मतावर टीका करताना तो म्हणतो, की चांगली वस्तू चिरंतन असल्याने अधिक चांगली होत नाही. पुष्कळ काळ टिकणारा पांढरा रंग एक दिवस टिकणाऱ्या पांढऱ्याहून अधिक पांढरा नसतो. हे वाचून आम्ही अतिशय सुखावलो. पण थोडे पुढे जावे तो सुखी जीवनाची व्याख्या करताना तोच सांगतो, की त्यासाठी आयुष्य पुरे लांबीचे असावे लागते. एका पाकोळीने वसंत ऋतू होत नाही, तद्वत् एका दिवसाने कोणी सुखी ठरत नाही. महाविद्यालयात हे दोन्ही परिच्छेद आम्ही परीक्षेसाठी वाचले होते, आणि त्यांत काही विसंगती आहे असे आम्हांस तेव्हा वाटलेही नव्हते. गुण मिळाले, विषय संपला.

आज वाटते, विसंगती नाहीच. पहिला परिच्छेद वस्तूविषयी आहे, दुसरा माणसाविषयी. 'मंप्स'ची वीस मिनिटे ही पांढऱ्या रंगासारखी आहेत. संच पुढे तीस वर्षे चालला असता तरी ती वीस मिनिटे एक कणभर अधिक चांगली झाली नसती, आणि दुसऱ्या दिवशी मोडला असता तरी कणभर कमी झाली नसती. परंतु ती वाजवणाऱ्या चौघांस जेवावयाचे होते, घरभाडे द्यावयाचे होते, म्हातारे व्हावयाचे होते. त्यांचा हिशेब रंगाच्या न्यायाने होणार नाही. अल्पायुषी कलेविषयी बोलताना आपण हे दोन हिशेब एकमेकांत मिसळतो, आणि आमच्या मते सगळा घोळ तेथे होतो.

प्रथम वस्तूचा हिशेब. टिकण्याचा मार्ग त्या चौघांस अगदीच अज्ञात नव्हता. तो त्यांच्या घराण्यातच होता. कँटरबरीच्या परिसरातून निघालेला सर्वांत नामांकित संच म्हणजे 'सॉफ्ट मशीन'. त्याची स्थापना १९६६ ची. १९७० च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमधील प्रॉम्स या प्रतिष्ठित अभिजात संगीतमालेत त्यास वाजवावयास मिळाले. हा संच टिकला. पण कसा टिकला? एक एक माणूस गेला, त्याच्या जागी दुसरा आला. गाणारा आणि ड्रम वाजवणारा रॉबर्ट वायट १९७१ मध्ये बाहेर पडला. संस्थापकांपैकी शेवटचा, माइक रॅटलेज, १९७६ मध्ये गेला आणि त्यानंतरही त्या नावाने कार्यक्रम होत राहिले. म्हणजे पदे कायम, पदाधिकारी बदलते. या व्यवस्थेत आम्हांस आमचे कार्यालय स्वच्छ दिसले! आमच्या टेबलावर आमच्याआधी कोणी होता, नंतर कोणी येईल. फाइल पुढे जाईल. कार्यालयाच्या बाबतीत हा गुण आहे, किंबहुना हाच त्याचा प्राण आहे. निवृत्तिवेतन मागावयास आलेल्या वृद्धेला, आधीचा माणूस गेला म्हणून खिडकी बंद, असे सांगता येत नाही. सॉफ्ट मशीनच्या उत्तरकाळातही चांगले वादन झाले, ते नाकारण्याचा आमचा उद्देश नाही. पण पाटी तीच ठेवून आतले सगळे बदलले, तर टिकले ते काय, हा प्रश्न उरतोच.

हॅटफील्डच्या चौकडीने हा मार्ग घेतला नाही. त्यांचे संगीत चार विशिष्ट माणसांच्या स्वभावांतून बनलेले होते. मिलरच्या गिटारमधला थोडा घोगरा, विचार करीत थांबणारा सूर, स्ट्युअर्टची लेखी, मोजूनमापून केलेली बांधणी, पाइलची थट्टा, सिंक्लेअरचा तो शेजाऱ्याशी बोलल्यासारखा गळा. स्ट्युअर्टची ओढ अधिकाधिक लिहिलेल्या, लांब रचनांकडे होती. ती पुरी करण्यासाठी तो निघाला, तेव्हा इतरांनी जाहिरात देऊन दुसरा ऑर्गनवाला बसवला नाही. पाटी उतरवली. ज्याला आपल्याकडे 'मोडले' म्हणतात त्यालाच दुसऱ्या बाजूने 'खोटे चालू ठेवले नाही' असे म्हणता येते. आम्ही आयुष्यात पाहिलेल्या कित्येक मंडळांचा, मासिकांचा, नाट्यसंस्थांचा शेवट जर कोणी वेळीच केला असता, तर त्यांच्या आठवणी अधिक स्वच्छ राहिल्या असत्या. कित्येक लग्नांविषयीही हे म्हणता येईल. पण तो विषय येथे नको.

येथपर्यंत लिहून आम्ही दोन दिवस थांबलो, कारण हे सारे फार सुबक होऊ लागले होते. पाटी उतरवणाऱ्यांचे कौतुक करणारा कोण, तर ज्याचा महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, तपासून वाढवला जातो असा मनुष्य! अल्पायुष्याचे सौंदर्य पगारदाराला फार लवकर कळते. आपल्या मराठी मनाला तर त्याची जुनी सवय आहे. एकविसाव्या वर्षी समाधी, तिशीच्या आत रेल्वेखाली गेलेला कवी, अशी चरित्रे सांगताना आपला आवाज आपोआप खाली येतो आणि डोळे पाणावतात. त्या पाणावण्यात थोडे सुखही असते. ते सुख आपण तपासून पाहिले पाहिजे.

तर आता माणसांचा हिशेब. पहिली मुद्रिका बाजारात आली त्या दिवसांत ब्रिटनमध्ये कारखान्यांस व कचेऱ्यांस आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती; कोळसा खाणकामगारांशी चाललेला तंटा आणि तेलाचा तुटवडा यांमुळे हा नियम १ जानेवारी ते ७ मार्च १९७४ पर्यंत चालला. तबकड्या ज्या पदार्थाच्या करतात तो खनिज तेलापासूनच होतो. त्याचीही टंचाई झाली. १९७५ मध्ये तेथील महागाई वर्षाला वीस टक्क्यांच्या वर गेली. अशा दिवसांत चार माणसे, त्यांची वजनदार वाद्ये, एक मोटार आणि गावोगावच्या महाविद्यालयांतले कार्यक्रम. त्यांस आधार होता व्हर्जिन या नव्या ध्वनिमुद्रण कंपनीचा. आणि त्या कंपनीला आधार होता माइक ओल्डफील्ड या तरुणाच्या 'ट्युब्युलर बेल्स' या १९७३ च्या मुद्रिकेच्या अफाट खपाचा. एका माणसाच्या अनपेक्षित यशाच्या सावलीत काही लहान झाडे उगवली, असे म्हणावे. पण सावली हलते. १९७७ च्या मे महिन्यात याच कंपनीने सेक्स पिस्टल्स या दंगेखोर संचाशी करार केला, आणि वीस वीस मिनिटांच्या रचना करणाऱ्यांचे दिवस सरले हे सर्वांस कळले. 'द रॉटर्स क्लब' ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत त्रेचाळीसाव्या क्रमांकावर पोहोचली होती. त्रेचाळीसावा क्रमांक म्हणजे काय? आमच्या विभागीय परीक्षेत रिक्त जागा चाळीस असत्या, तर त्याचा अर्थ आम्हांस सांगावा लागला नसता.

संच मोडल्यावर सिंक्लेअर काही काळ सुतारकाम करून राहिला. या वाक्यातही करुण रस भरण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. सुतारकाम ही चांगली गोष्ट आहे, आणि दाराचे लाकूड सांधणारा हात बास गिटार धरीत असे म्हणून लाकडाचा काही अपमान होत नाही. पण त्याने ते निवडले असेल तर निराळे, आणि गाण्याने भागत नाही म्हणून धरले असेल तर निराळे. हा फरक बाहेरून दिसत नाही. आम्ही स्वतः महाविद्यालयात बासरी वाजवीत असू. नोकरी लागल्यावर ती सुटली. लोकांस आम्ही सांगतो, वेळ मिळत नाही.

स्ट्युअर्टचे पुढे काय झाले ते तर गोष्टीतल्या गोष्टीसारखे आहे. त्याने अ‍ॅलन गोवेन या पट्ट्यांच्या वाद्यांच्या दुसऱ्या वादकासह १९७५ मध्येच 'नॅशनल हेल्थ' नावाचा संच उभारला. मिलर व पाइलही त्यात होते. तेथील रचना अधिकच अवघड, आणि मिळकत अधिकच थोडी. तोही १९८० मध्ये थांबला. मग १९८१ मध्ये स्ट्युअर्टने बार्बरा गॅस्किनला घेऊन एक जुने, १९६३ सालचे अमेरिकन गाणे नव्या यंत्रांवर पुन्हा बांधले: वाढदिवसाच्या मेजवानीत प्रियकर दुसरीबरोबर निघून गेलेल्या मुलीचे रडगाणे. ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तेथे राहिले. ज्या बाईने हॅटफील्डच्या मुद्रिकांत पाठीमागे राहून केवळ आकार लावला तिचा आवाज आता घराघरांत, शब्दांसह. येथे 'विकले गेले' असे म्हणणारे शुद्धतावादी सर्वत्र असतात, आपल्याकडे जरा जास्तच. आम्हांस ते म्हणवत नाही. ते गाणेही आम्ही ऐकले. त्यातही तीच चोख बांधणी आहे, तोच वाकडा विनोद आहे. फक्त ते तीन-चार मिनिटांचे आहे आणि सगळ्यांस कळते. एका माणसाच्या हातून 'मंप्स'ही झाली आणि हेही झाले. दुसऱ्याने पहिल्याची किंमत वाढत नाही की कमी होत नाही. पण दुसऱ्याने भाडे मात्र निघाले असेल.

गोवेनची हकीकत निराळी. त्याला रक्ताचा कर्करोग झाला. १९८१ च्या वसंतात, अंत जवळ आलेला असताना, त्याने मिलर, सिंक्लेअर आणि ट्रेव्हर टॉमकिन्स या तिघांसह आपल्या राहत्या घरी एक मुद्रिका वाजवून पुरी केली. मेमध्ये तो गेला. तेहतीस वर्षांचा होता. नंतर नॅशनल हेल्थच्या सोबत्यांनी एकत्र येऊन केवळ त्याच्या रचनांची एक मुद्रिका केली, ती १९८२ मध्ये निघाली. तिला त्यांनी जे नाव दिले ती पाश्चात्त्य स्वरलेखनातील एक सूचना आहे: खुणेपर्यंत मागे जा, तेथून पुन्हा वाजवा, आणि मग शेवटच्या तुकड्याकडे वळा. मृत मित्रासाठी याहून अधिक नेमके शब्द कोणत्याही शोकसभेत आम्ही ऐकलेले नाहीत. पण गोवेनच्या घरातले ते दिवस आम्ही डोळ्यांपुढे आणतो तेव्हा ॲरिस्टॉटलचा पांढरा रंग आमच्या उपयोगी पडत नाही. सूर तेवढेच चांगले असतील. तेहतीस वर्षे मात्र कमीच आहेत. ती कमी नाहीत असे जे तत्त्वज्ञान सांगेल ते आम्हांस नको.

मग या अल्पायुष्यात दोष असेल तर तो कोणाचा? त्या चौघांचा नव्हे, असे आमचे मत झाले आहे. काळाचा म्हणावे, तर काळ ही एक सोयीची व्यक्ती आहे. तिच्यावर नोटीस बजावता येत नाही. १९७५ मध्ये त्यांच्या कार्यक्रमांस पुरेसे लोक आले असते, पुरेशा लोकांनी मुद्रिका घेतल्या असत्या, तर निदान पोटाचे कारण तरी उरले नसते. मग ते मोडले असते तर केवळ संगीताच्या कारणाने, म्हणजे स्वतःच्या मर्जीने. न आलेल्या लोकांनी काही गुन्हा केला नाही. ते घरी होते, दमलेले होते. त्यांतील कित्येकांनी पुढे वीस वर्षांनी ते संगीत ऐकले असेल आणि हळहळले असतील. २००१ मध्ये कादंबरी निघाली, २००५ मध्ये बीबीसीने तिच्यावर मालिका केली. त्याच वर्षी मिलर, सिंक्लेअर आणि पाइल पुन्हा एकत्र आले. स्ट्युअर्टच्या जागी ॲलेक्स मॅग्वायर बसला. तीस वर्षांनी पाटी पुन्हा चढली. युरोपात, अमेरिकेत, जपानात कार्यक्रम झाले. २८ ऑगस्ट २००६ रोजी पिप पाइल पॅरिसमध्ये मरण पावला. २०१७ मध्ये फिल मिलर गेला. म्हणजे श्रोते अखेर आले, उशिरा आले.

आम्ही तर सर्वांत उशिरा आलो. महिन्याचे दोन-तीनशे रुपये भरून जो मोबाइल चालतो त्यावर, जबलपूरच्या एका सरकारी वसाहतीत, पावसाळी रात्री आम्ही त्यांचे सगळे काम ऐकले, आणि त्यासाठी त्यांच्या नावे वेगळा एक पैसाही मोजला नाही. गेलेल्यांचे रसिक होणे फार स्वस्त असते. त्यासाठी थंडीत बाहेर पडावे लागत नाही, अर्धी रिकामी खुर्च्यांची रांग पाहून संकोचावे लागत नाही, कार्यक्रम फसला तर काय ही चिंता करावी लागत नाही. ते चांगले होते हे आधीच ठरून गेलेले असते. पुढच्या पिढ्या किंमत करतील, असे कलावंताला जे आश्वासन आपण देतो ते वास्तविक आपल्या वाटचे देणे दुसऱ्याच्या नावे वळते करण्याचा प्रकार आहे. आमच्या हिशेबखात्यात असे वळते करणाऱ्याला स्पष्टीकरण मागतात.

मागे ज्या बैठकीचा उल्लेख केला ती आमच्या येथील मंडळात दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी होते. चौघे मिळून ती चालवतात, हाही योगायोगच: तो तबला वाजवणारा तरुण, पेटीवर रेल्वेतील एक गृहस्थ, व्हायोलिन वाजवणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, आणि गाणारी एक मुलगी. तिला नाट्यपदे येतात आणि नाट्यपदे सोडून काहीतरी नवे करावयाचे आहे. दोन वर्षे चालले आहे. फार मोठे काही होते असे आम्ही म्हणणार नाही. कधी फार चांगले होते, असे ऐकून आहोत. सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवलेली असते, तीत आलेल्यांनी सही करावयाची. एका कामासाठी ती वही आमच्याकडे आली, तेव्हा सवयीने आम्ही पाने चाळली. कधी अकरा सह्या, कधी चौदा, एकदा पावसात सहा. आमची सही दोन वर्षांत तीन वेळा आढळली. पेटीवाल्या गृहस्थांची बदली झाल्याचे कळते. त्यांस पुढच्या महिन्यात रुजू व्हावयाचे आहे. त्यांच्या जागी कोणी आणावे की बैठक थांबवावी, यावर चौघांचे अजून ठरलेले नाही.

परवा तो तबलेवाला तरुण बाजारात भेटला. सायकल थांबवून म्हणाला, "दादा, येत्या रविवारी येताय ना?" आमच्या तोंडून सवयीने निघाले, "बघू."